पश्चिमेच्या खोलीतला श्वास

घराला गोधडी पांघरायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. उत्तर जपानातल्या योनेझावाच्या आमच्या आळीत अजूनही सगळे तसंच समजतात आणि मला रस्त्यात गाठून विचारतात, "काय नेझु-सान, घर श्वास घेतंय ना?" हल्ली मी नुसतं वाकून नमस्कार करतो आणि पुढे जातो. मी हायस्कूलात भूगोल शिकवतो, आणि भूगोलाच्या मास्तराला गावात जी काही थोडीफार किंमत असते ती त्या एका हिवाळ्यात माझ्या हातून गेली.

कल्पना माझ्या बायकोची, सुमिएची. खरं तर तिचीही नाही, डॉक्टरांची. त्याच्या आदल्या हिवाळ्यात ती अंघोळीला जाताना कपडे बदलायच्या खोलीत उभी असतानाच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती ऐकली, आणि म्हणाले की बाईंना काही झालेलं नाही, जे काय झालंय ते घराला झालंय. टबातलं पाणी कढत, बाहेरची फरशी बर्फासारखी. या दोन्हींच्या मध्ये माणसाचं हृदय किती वेळ उड्या मारणार? आमच्या आळीतून दोन जण असेच टबातून परस्पर गेले होते. "औषध घराला द्या," डॉक्टर म्हणाले, आणि आमच्याकडून तपासणीची फी मात्र माणसाचीच घेतली.

डॉक्टरांचं खोटं नव्हतं. दरवर्षी मी मुलांना सैबेरियाचे वारे समुद्रावरून कसे येतात आणि आमच्या डोक्यावर बर्फ कसा ओततात ते फळ्यावर बाण काढून शिकवायचो, आणि घरी येऊन तेच वारे खिडकीच्या फटीतून अंगावर घेत लोकरीची टोपी घालून जेवायचो. स्वयंपाकघरातलं ओलं फडकं सकाळपर्यंत पापड होऊन जायचं. भाज्या गोठू नयेत म्हणून आम्ही त्या फ्रिजमध्ये ठेवायचो, कारण सगळ्या घरात तीच एक उबदार जागा होती.

तर होशि नावाचा एक कंत्राटदार आला. हा गडी बोलायला लागला की समोरच्याला हो म्हणण्यापलीकडे काही सुचत नाही. त्याने रस्त्यावर उभं राहून एका कॅमेऱ्यातून आमचं घर दाखवलं. पडद्यावर घर लालभडक. "जळतंय असं वाटतं ना? हे तुमचं रॉकेल आहे, सरळ आकाशात चाललंय." घर पाडून नवं बांधायला तो तयार नव्हता. त्याचं म्हणणं, पाडलेल्या घराचा कचरा आणि नव्या सिमेंटचा धूर धरला तर नव्या घराने पन्नास वर्षं उपास केला तरी ते पाप फिटत नाही. जुन्या घराची हाडं तशीच ठेवायची आणि वर मांस चढवायचं. भिंतींच्या पोकळीत जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा भरायचा, खिडक्यांना तिहेरी काच, फटी सगळ्या बंद, आणि हवा आत-बाहेर करायला एकच यंत्र, जे बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब काढून आत येणाऱ्या हवेला देतं. मला ती कल्पना फार आवडली. फक्त रात्रंदिवस आपल्या भोवती चाळीस वर्षांच्या शिळ्या बातम्या उभ्या राहणार हे जरा विचित्र वाटलं, पण ते मी बोललो नाही.

काम सुरू झालं आणि सल्ले सुरू झाले. आळीच्या मंडळाच्या प्रमुख नीनो काकू. गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे त्यांना चुलीच्या आधी कळतं. त्या म्हणाल्या की इतकं बंद घर म्हणजे लोणच्याची बरणी, आत माणूस मुरतो. पण खरा विरोध शेजारच्या तोगाशी आजोबांचा. ऐंशी ओलांडलेला, मुठीएवढा माणूस. बायको गेलेली, मुलगा ओसाकाला मोठ्या कंपनीत, घरात एकटे. पश्चिमेला त्यांच्या आणि आमच्या घराच्या मध्ये एक पडकं कुंपण आणि दोन माणसांना एकमेकांकडे पाठ करून जाता येईल एवढंच अंतर. रोज फावडं घेऊन कुंपणापाशी उभे राहायचे आणि मला ऐकवायचे. म्हणायचे की आमच्या वडिलांनी घराला नाक-कान ठेवले होते ते मूर्ख होते म्हणून नव्हे. त्या बाजूला परांची बांधली तेव्हा तर त्यांनी स्वतः शिडीवर चढून आपल्या बाजूने निळं प्लॅस्टिक ताणून बांधलं. धूळ येते म्हणे. त्या वयात शिडीवर. मला त्याचा अपमान वाटला. आमची धूळ काही इतकी वाईट नव्हती.

मग नगरपालिका. अनुदान हवं तर प्रत्येक खिडकीचा आधीचा आणि नंतरचा फोटो, आणि प्रत्येक फोटोत खोलीचं नाव लिहिलेली छोटी पाटी. मी संडासाच्या खिडकीपासून सगळ्या खिडक्यांचे फोटो इमानाने काढले. पंधरवड्याने बोलावणं आलं. खिडकीमागचा कारकून इतका हळू बोलायचा की त्याच्याशी बोलताना आपणच ओरडतोय असं वाटावं.

"फोटोत मनुष्य चालत नाही," तो म्हणाला.

मी विचारलं, कुठला मनुष्य.

"वरची पश्चिमेची खोली. काचेमागचा."

मी फोटो पाहिला. खिडकीच्या जुन्या, लाटा पडलेल्या काचेत एक फिकट लांबोळा आकार होता. डोळ्यांच्या जागी दोन सावल्या. खिडकी वरच्या मजल्यावर, तिच्या बाहेर सज्जा नाही, काही नाही, नुसती हवा. मी म्हणालो की माझंच प्रतिबिंब असणार. कारकुनाने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"तुम्हाला चष्मा आहे. यांना नाही."

खिडकी तोवर उखडून कचऱ्यात गेली होती, त्यामुळे 'आधीचा' फोटो पुन्हा काढायची सोय उरली नव्हती. मोठ्या साहेबांना विचारायला कारकून आत गेला, बराच वेळ आला नाही, आणि आला तो पांढरी चिकटपट्टी घेऊन. ती त्याने त्या चेहऱ्यावर चिकटवली आणि वर शिक्का मारला. म्हणजे सरकारदरबारी त्या खिडकीत कोणी नव्हतं. ही गोष्ट सुमिएला सांगायची नाही असं मी ठरवलं, आणि जेवताना सांगून टाकली.

पहिला बर्फ पडायच्या आत काम संपलं. होशिने फटी तपासायला दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढून पाहिली आणि कुठेच फट नाही असं जाहीर केलं. आणि त्या संध्याकाळपासून घर गप्प झालं.

तुम्हाला वाटेल, शांतता काय, चांगलीच. पहिला आठवडा चांगलीच वाटली. आम्ही अनवाणी हिंडलो. सुमिए अंघोळीला जाताना गुणगुणायला लागली, आणि ती बाहेर येईपर्यंत मी दाराशी कान लावून बसायचं सोडून दिलं. पण हळूहळू लक्षात आलं की आजवर जे आवाज आपण घराचे समजत होतो ते सगळे बाहेरचे होते. बर्फ ढकलणारी गाडी समोरून जायची, दिवे फिरायचे, आवाज नाही. मासा काचेतून बघतो तसे आम्ही आळीकडे बघायचो. आणि मग आतले आवाज ऐकू यायला लागले. सुमिए मुळ्याचं लोणचं चावायची तर मला खाणीत सुरुंग लागल्यासारखं वाटायचं. माझ्या नाकाची शिट्टी वाजते हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं. एका रविवारी सुमिए म्हणाली की दुकानातून लवकर आलं की वरून एखादं पाऊल वाजल्यासारखं कधी वाटतं का हो? मी म्हणालो लाकूड वाळतंय. नव्या काचा लावल्यापासून मी प्रत्येक गोष्टीला हेच कारण देत होतो.

त्यात नीनो काकूंनी रस्त्यात थांबवलं. "तुमच्या छपरावरचा बर्फ हलत नाही, नेझु-सान." मी अभिमानाने सांगितलं की ऊब वर जात नाही म्हणून बर्फ वितळत नाही, हीच तर खूण आहे. त्या ऐकत होत्या, पण नजर छपरावरच. "असा बर्फ फक्त रिकाम्या घरावर राहतो. परवा पोस्टमन विचारत होता, नेझु कधी गेले म्हणून." गेले, म्हणजे गाव सोडून की कसे, ते मी विचारलं नाही.

आता त्या यंत्राविषयी सांगायला हवं. स्वयंपाकघरात भिंतीवर त्याचा एक पडदा होता. प्रत्येक खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती, ते तो आकड्यात दाखवायचा. बाहेरच्या हवेत चारशेच्या वर थोडा. खोलीत माणूस बसला की त्याच्या उच्छ्वासाने आकडा चढायला लागतो, उठून गेला की यंत्र हळूहळू तो खाली आणतं. मला या पडद्याचं वेड लागलं. सुमिए कुठल्या खोलीत आहे हे मी तिला हाक न मारता ओळखायचो, आणि ते तिला मुळीच आवडायचं नाही. वरच्या पश्चिमेच्या खोलीत मात्र बघण्यासारखं काही नव्हतं. मुलगी लग्न होऊन सेन्दाइला गेल्यापासून तिथे बॅगा आणि गाद्या. तिथे आकडा कायम तळाला.

एका संध्याकाळी मी शाळेतून आलो, सुमिए दुकानातून यायची होती. ती एका लोणच्याच्या दुकानात काम करते. मी सवयीने पडद्याकडे पाहिलं. पश्चिमेच्या खोलीचा आकडा आठशेवर होता आणि माझ्या डोळ्यांदेखत उतरत होता. शांतपणे, एकेक पायरी. कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा.

मी वर गेलो. खोलीत कोणी नव्हतं.

पडदा दिवसभराचा आलेखही काढतो हे मला तोवर माहीत नव्हतं. तो उघडून पाहिला तर सकाळी आम्ही बाहेर पडल्यानंतर थोड्या वेळाने एक चढ, दुपारभर पठार, मग उतार. समोच्चरेषांनी काढावा तसा छान, गोल डोंगर. कालचा दिवस पाहिला, तोच डोंगर. परवाचा, तोच. रविवारी मात्र सपाट मैदान. म्हणजे जो कोणी होता तो आम्ही घरी असलो की श्वास घेत नव्हता.

होशि म्हणाला सेन्सर बिघडला. त्याने नवा बसवला, डोंगर तसाच. मग त्याने न्हाणीघरातला सेन्सर वर लावला आणि वरचा न्हाणीघरात. डोंगर वरच राहिला. त्या दिवसापासून होशि पूर्वीइतकं बोलेनासा झाला. जाताना पायऱ्या तो उलटा उतरला, खोलीकडे तोंड करून.

इतक्यात सुमिएने ही गोष्ट लोणच्याच्या दुकानात सांगितली, म्हणजे गावाला सांगितली. नीनो काकूंनी निदान केलं की घरात कोणीतरी मेलेलं असणार आणि आता फटी बुजवल्यावर त्याला बाहेर जायला वाट नाही. मी त्यांना शास्त्रीय मुद्दा सांगितला की मेलेला माणूस श्वास घेत नाही, म्हणूनच तर तो मेलेला. त्या म्हणाल्या, सवय असते. यावर भूगोलात उत्तर नाही. तोगाशी आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले की नाक बुजवलं म्हणून घरच आता आतल्या आत श्वास घेतंय, एक खिडकी उघडी टाका, जे काय असेल ते जाईल. आणि तिथून ते वाक्य आळीभर झालं. माझे विद्यार्थी फळ्यावर डोंगर काढून ठेवायला लागले.

थट्टा ठीक होती. पण मी रोज संध्याकाळी त्या खोलीत जायचो आणि रोज काहीतरी कमी-जास्त असायचं. बंद घरात वास अडकून राहतो. तिथे वर्षानुवर्षं उन्हात न घातलेल्या रजईसारखा वास होता. एकदा चटईवर हात ठेवला तर एक लांबट तुकडा बाकीच्यापेक्षा कोमट. आणि खिडकीच्या काचेवर, मधोमध, कपाळ टेकल्यावर उमटतो तसा तेलकट डाग. मी त्याच्याशी कपाळ लावून पाहिलं. त्यासाठी मला चवड्यांवर उभं राहावं लागलं.

तुम्ही म्हणाल, चोर. पण घरातलं काही गेलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, कुलूप लावायचं. आमच्या आळीत मागच्या दाराला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्यांच्या तोंडावर त्यांना चोर म्हणणं, आणि सुमिएनेही लावू दिलं नाही. तिचं मत वेगळंच होतं. "कोणीही असो, गारठलेलं असणार," ती म्हणाली, आणि त्या खोलीत एक जाड उशीचं आसन आणि ताटलीत चार संत्री ठेवून आली. मी म्हणालो हे काय, देवघर आहे का. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला वरून हाक मारून म्हणाली की संत्री तशीच आहेत हो, शिवलीसुद्धा नाहीत. मी जिन्यात होतो तोवर तिने त्यातलं एक उचललं. ते पोकळ होतं. कोणीतरी साल अखंड सोलून, आतलं खाऊन, पाकळ्या मिटाव्यात तशी साल पुन्हा गोल मिटवून ठेवली होती. चारही संत्री तशीच. मग काय करावं ते न सुचून सुमिएने नवी चार आणून ठेवली.

मी एक दिवस रजा टाकून शेजारच्या खोलीत कपाटाच्या आड दबा धरून बसलो. त्या दिवशी डोंगर आला नाही. दिवसभर मैदान. सुमिएने संध्याकाळी आलेख पाहिला आणि म्हणाली, "त्याला तुमची भीती वाटते." जो माणूस माझ्या घरात न विचारता श्वास घेतो, त्याची बाजू माझी बायको घेत होती. मी त्या रात्री जेवलो, पण भात दुसऱ्यांदा मागितला नाही.

फेब्रुवारीत एक दिवस वादळाची सूचना आली आणि शाळा दुपारच्या आतच सुटली. बर्फ अजून सावकाश पडत होता. समोरच्या दारापुढे गाडीने बर्फाचा ढीग लोटला होता, म्हणून मी मागच्या बाजूने आलो. आणि तिथे मला पावलं दिसली.

तोगाशी आजोबांच्या मागच्या पडवीतून निघालेली, पडक्या कुंपणातून इकडे आलेली, आमच्या मागच्या दाराशी संपलेली. ताजी. फक्त आत जाणारी.

भीती गेली आणि मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. म्हणजे हा म्हातारा. माझ्या घराला लोकांत नाक नाही, कान नाही म्हणत हिंडणारा, आणि रोज माझ्याच घरात येऊन पाय शेकणारा. मी आत गेलो नाही. म्हटलं आत गेलो तर तो लपेल. त्यापेक्षा त्याच्याच दारात उभं राहायचं, त्याने परत येताना मला बघायचं, आणि मी फक्त एक वाक्य बोलायचं. वाक्य मी चालताचालता तयार केलं. औपचारिकता म्हणून दारही ठोठावलं.

दार आजोबांनी उघडलं.

अंगात कापसाचा कोट, हातात पळी. स्वतःच्याच घरात उभे असताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मी वळून आमच्या मागच्या दाराकडे पाहिलं. हे इथे होते. मग माझ्या घरात कोण होतं?

"घरीच आहात?" मी विचारलं.

"मग कुठे असणार या बर्फात."

मला तयार केलेलं वाक्य आठवेना. मी नुसतं बोट दाखवलं. आजोबा चिडचिडत रबरी बूट चढवून बाहेर आले, पावलं पाहिली, आणि थांबले. मग त्यांनी आपला एक पाय उचलून त्या खुणेत ठेवला. बापाच्या बुटात पोराने पाय घालावा तसा तो दिसला. पुढे-मागे सगळीकडे जागा उरली होती.

ते तसेच घरात गेले. पळी त्यांनी बर्फातच टाकली होती. जिना करकरताना ऐकू आला, एकेक पायरी. मग एक सरकतं दार हळूच ठोठावल्याचा आवाज. मग पुन्हा. मग दार सरकल्याचा, अडकत अडकत, हात कचरत असल्यासारखा. आणि मग इतका वेळ काहीच नाही की मी आत जावं की काय असा विचार करू लागलो.

खाली आले तेव्हा त्यांच्या हातात जेवणाचं ताट होतं, रिकामं, नीट पुसल्यासारखं.

"खोलीत कोणी नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "नेझु-सान, ओसाका वगैरे काही नाही."

दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. मुलाचं नाव मिचिया. नोकरी सुटली, घरी आला, वरच्या खोलीत जाऊन दार लावलं. आधी वाटलं आठवडाभर झोपेल. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. ताट दाराशी ठेवायचं, रिकामं उचलायचं. खोकला ऐकू यायचा. आई गेली तेव्हाही तो खाली उतरला नाही. चेहरा पाहून पाच वर्षं झाली असतील, आवाज ऐकून त्याहून जास्त. आळीत कोणी विचारलं तेव्हा तोंडातून ओसाका निघून गेलं आणि मग ते परत घेता येईना. आळी म्हणायची म्हातारा या वयात दोघांचं जेवतो, काय पचनशक्ती. ते निळं प्लॅस्टिकही त्यासाठीच होतं. आमचे कामगार परांचीवर चढले की समोर त्याचीच खिडकी.

मला एकदम तो फोटो आठवला आणि ती शिक्का मारलेली चिकटपट्टी. आमच्या खिडकीमागे हवेत कोणी उभं नव्हतं. हातभर पलीकडे, दुसऱ्या खिडकीत उभं होतं. गेला सगळा पावसाळा-शरद तो वरून, निळ्या प्लॅस्टिकच्या कडेने, बघत होता, आम्ही घराला काय करतोय ते. आम्ही किती वाजता जातो, किती वाजता येतो, आणि आजोबा पुढच्या दारचा बर्फ काढायला कधी जातात. आणि मग हिवाळा आला, आणि त्याच्या खोलीत तर आजोबांच्या तोंडातून निघाली तशीच वाफ निघत असणार.

मी तक्रार घेऊन आलो होतो. पण आजोबा माझ्याकडे असे बघत होते की मी साक्षीदार आहे आणि त्यांना फक्त माझ्या तोंडून ऐकायचंय.

"बाहेर पडला?" त्यांनी विचारलं. "स्वतःच्या पायांनी?"

मी म्हणालो, हो.

"रोज?"

मी म्हणालो, रविवार सोडून.

ते पुन्हा बाहेर आले आणि त्या पावलांच्या कडेकडेने चालायला लागले. एकाही खुणेवर पाय पडू नये म्हणून कुंपणापाशी आडवे होऊन, तोल सांभाळत. वरून बर्फ पडत होता आणि खुणा हळूहळू भरत होत्या. म्हातारा वाकून वाकून एकेक पाऊल बघत होता, सगळी बुजायच्या आत बघून घ्यावीत तसा. मी मागून चालत होतो. इतके दिवस त्या खोलीला घाबरून मी जिन्यात दिवा लावून चढत होतो, आणि आता मीही त्याच खुणा चुकवत, आडवा होऊन चालत होतो.

मागच्या दाराशी सुमिए भेटली. वादळामुळे दुकानही लवकर बंद झालं होतं. तिने पावलं पाहिली, आजोबांना पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या कानात दोन वाक्यांत सांगितलं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि दार सरकवलं.

दाराच्या आत, आमच्या चपलांच्या ओळीत, एका टोकाला जुने मोठे बूट ठेवले होते. परत जाताना सरळ पायात घालता यावेत असे, तोंड बाहेर करून, नीट जोडीने. आजोबा ते बूट बघत उंबऱ्यावरच थांबले. त्यांना आत यायचं सुचेना आणि आम्हालाही त्यांना या म्हणायचं सुचेना. भिंतीवरच्या पडद्यावर पश्चिमेच्या खोलीचा आकडा चढत होता. मी तो त्यांना दाखवला आणि हळू आवाजात सांगितलं की हा वाढतोय ना, तो त्याचा श्वास. ते मान वर करून त्या आकड्याकडे बघायला लागले. उघड्या दारातून बर्फाचे कण स्वयंपाकघरात येत होते आणि फरशीवर पडून वितळत होते.

आजोबांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. दुसऱ्यांदा फुटला.

"मिचिया."

वर काही हललं नाही. यंत्राचा पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. घर इतकं गप्प होतं की तिघांचे श्वास वेगवेगळे ऐकू येत होते. सुमिएने माझी बाही धरली. आकडा एक पायरी चढला, थांबला. तो श्वास रोखून बसला होता असं मला वाटलं, आणि मीही रोखला.

मग वरून, जिन्याच्या अंधारातून, एक आवाज आला. कित्येक वर्षं न वापरलेला, गंजलेला, प्रत्येक अक्षर उचलून ठेवावं लागतंय असा.

"दार लावा. गारठा येतोय."

आजोबांनी घाईघाईने बूट काढले, आत आले, आणि दोन्ही हातांनी दार ओढून लावलं. शेवटच्या बोटभर फटीतून वाऱ्याची शिट्टी आली आणि बंद झाली. ते दाराला पाठ लावून आतल्या बाजूला उभे राहिले, तोंडावर हात ठेवून. सुमिए चहाचं पाणी ठेवायला वळली. कपाटातून तिने चार पेले काढले.

आजोबा वर, छताकडे बघत होते.

"आवाज बदललाय त्याचा," ते म्हणाले. "माझ्या वडिलांसारखा झालाय."